अर्ध्या तासाने थोरला

खर्ड्याच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी मी साळवे सरांना वेळ विचारली होती. स्टाफरूमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि समोर बसलेल्या या उंच, सडपातळ माणसाच्या मनगटावर एक जुनं चावीचं घड्याळ दिसत होतं. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "यात नऊला दहा कमी आहेत, बाई."

तेवढ्यात मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"शाळेची वेळ हवी असेल तर दोन वाजले असतील," ते शांतपणे म्हणाले आणि खडू घेऊन वर्गावर निघून गेले.

मला राग आला. एक तर संस्थेने नगरहून उचलून मला जामखेड तालुक्याच्या या टोकाला टाकलेलं, त्यात पहिल्याच दिवशी ही चेष्टा. मी चित्रकलेची शिक्षिका. चित्रकलेच्या बाईची कुणीही टिंगल करावी असा सगळ्या शाळांत अलिखित नियमच असतो. पण दोन-चार दिवसांत कळलं की साळवे सर चेष्टा करत नव्हते. ते कुणालाही असंच उत्तर द्यायचे. त्यांच्या घड्याळाला रोज सकाळी सात वाजता चावी दिली जायची, मात्र त्याचे काटे कधीही फिरवले जायचे नाहीत. ते दिवसाला मिनिटभर मागे पडायचं आणि सर त्याला पडू द्यायचे. बंद पडलंच तर जिथे थांबलं तिथूनच पुन्हा सुरू. शाळेची कामं ते घंटेवर करायचे आणि एकदाही उशिरा आले नाहीत. मग हे बिनकामाचं ओझं मनगटावर कशाला, असं मी एकदा तोंडावर विचारलं. "ते वेळ बघायला नाही," ते म्हणाले. "ताडून बघायला आहे." कशाशी ताडायचं ते मात्र सांगितलं नाही.

शांतवन साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. वडील पाळक होते. गावाच्या कडेला एक छोटं चर्च, त्याला लागून ख्रिस्ती लोकांची पाच-सहा घरं, आणि त्यातल्या शेवटच्या दोन खोल्यांत सर एकटे राहायचे. विज्ञान आणि गणित शिकवायचे. डब्यात भाकरी आणि एकच कुठली तरी भाजी, ती सोमवारी जी असेल तीच बहुधा बुधवारपर्यंत. आवाज कधी चढवला नाही. एखादा मुलगा फारच मस्ती करू लागला तर बोलणं थांबवून त्याच्याकडे पाहत राहायचे. मुलगा लाजून खाली बसायचा. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की गावातले लोक म्हणायचे, साळवे मास्तर बातम्या सांगितल्यासारखं बोलतात.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो एका तक्त्यामुळे. दरवर्षी दहावीच्या शेवटच्या तासाला ते अभ्यासक्रमात नसलेला एक धडा शिकवायचे. त्यासाठी त्यांना दोन जुळ्या भावांचं चित्र हवं होतं. "एक गावात राहिलेला, एक यानात बसून लांब गेलेला. निघताना दोघांचे चेहरे अगदी सारखे काढा. खाली परत आल्यानंतरचं चित्र. त्यात गावातला म्हातारा झालेला आणि यानातला तरुणच राहिलेला."

मी म्हटलं, "हे काय चमत्काराचं आहे का?"

"चमत्कार नाही. मोजलेलं आहे."

दोघा भावांना मी सरांचंच नाक आणि त्यांच्याच भुवया काढल्या. तक्ता कसा वापरतात ते बघायला मी त्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. गणिताशी माझं शाळेपासून वाकडं आहे, पण सरांनी सांगितलेलं मला आजही आठवतं. त्यांनी दोन घड्याळं काढली, एक टेबलावर ठेवलेलं, एक धावणाऱ्या गाडीत. म्हणाले, धावणाऱ्याचा वेळ बसलेल्याच्या वेळापेक्षा हळू सरतो. नुसतं घड्याळच हळू चालतं असं नाही. त्या माणसाचं काळीज, केस, नखं, दाढी, सगळंच हळू. आपल्या वेगाला हा फरक इतका बारीक असतो की कुणाला समजत नाही. प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं तर इकडे चाळीस वर्षं सरतील आणि तिकडे चार. मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती.

एकाने विचारलं, "सर, मंग एष्टीच्या ड्रायव्हरला म्हातारपन येतच नसंल?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. रोज दहा तास, तीस वर्षं ट्रक चालवणारा माणूस. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा, तेवढाच तो घरी बसलेल्यापेक्षा लहान राहतो. "पण राहतो," ते म्हणाले. तो आकडा त्यांनी फळ्यावर मांडून सोडवला, तरी मला वाटलं, यांना तो आधीपासून पाठ आहे.

मग त्यांनी यातली खरी गोम सांगितली. दोघंही आपापल्या वाटेने सरळ जात असतील, तर यानातल्याला वाटतं की मी आहे तिथेच आहे, गावातलाच लांब चाललाय. गावातल्याला वाटतं, यानातला लांब चाललाय. दोघांनाही दुसऱ्याचंच घड्याळ मागे पडताना दिसतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. कोण लहान, कोण मोठा याचा निकाल तेव्हाच लागतो, जेव्हा एक जण वळतो, परत येतो आणि दुसऱ्याच्या शेजारी उभा राहतो.

पहिल्या बाकावरची एक शेंबडी वाटणारी, पण हुशार मुलगी उठली. "सर, त्यो वळलाच न्हाई तर?"

सरांनी खडू खाली ठेवला. "मग गणित सुटत नाही," ते म्हणाले. तास संपायला दहा मिनिटं होती, तरी त्यांनी वर्ग सोडून दिला.

सरांना जुळा भाऊ असल्याचं मला शिपायाकडून समजलं. समाधान त्याचं नाव, अर्ध्या तासाने थोरला. लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. बापाच्या मातीला आला होता, मग आईच्या मातीला आला, दोन्ही वेळा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि कबरीवर मूठभर माती टाकून गाडीकडे निघून गेला. त्यानंतर गावाला त्याचं तोंड दिसलं नाही. कुणी ड्रायव्हर कधीतरी सांगायचा, कांडल्याच्या बंदरावर भेटला होता, बरा आहे म्हणाला. सर तेवढंच ऐकून घ्यायचे आणि त्या ड्रायव्हरला चहा पाजायचे.

सरांनी लग्न केलेलं नव्हतं. आमच्या हेडमास्तरांना हे बघवायचं नाही. त्यांनी एकदा नगरच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंचं स्थळ आणलं. चांगल्या होत्या बाई, चर्चमध्ये पेटी वाजवायच्या, सरांना एकदा पाहून गेल्या होत्या आणि त्यांचा होकारही होता. सर म्हणाले, "थोरल्याचं होऊ द्या. त्याच्याआधी मी कसं करणार?"

स्टाफरूम खो खो हसली. हेडमास्तर म्हणाले, "अहो साळवे, अर्ध्या तासाचा थोरला तो!"

"अर्धा तास तर अर्धा तास. थोरला तो थोरलाच."

आपल्याकडे ही रीत सगळेच पाळतात, थोरला मोकळा असताना धाकट्याने पुढे जायचं नाही. पण ती अशी जन्मभर धरून बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्हाला तो हट्ट वाटायचा, थोडा विनोदही. नर्सबाईंनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मग त्यांचं लग्न श्रीरामपूरकडे झालं. त्या दिवशी सरांनी तीनही तास घेतले आणि डबा न उघडताच घरी नेला. मी पाहिलं होतं, पण तेव्हा मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं.

त्यांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. मी रंग आणायला जामखेडला निघाले होते, सरांचं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून ते सोबत आले. घड्याळवाल्याने तेल-पाणी केलं, ते टिकटिकायला लागलं, आणि कुठलाही घड्याळवाला करेल तसं त्याने वेळ लावायला चावी बाहेर ओढायला घेतली. सरांनी काउंटरवरून झेप घालून त्याचं मनगट धरलं. "काट्यांना हात नाही लावायचा," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्याचं मनगट सोडलं नव्हतं. घड्याळवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, ह्यांना घरी न्या."

परतीच्या गाडीत त्यांनी आपण होऊन सांगितलं. दहावी पास झाल्यावर वडिलांनी दोघांना एकसारखी दोन घड्याळं घेतली होती. ती दोन्ही दोघा भावांनी ओट्यावर बसून एकाच क्षणाला लावली. काटे पुन्हा कधी फिरवायचे नाहीत, भेटू तेव्हा ताडून बघायचं, असं पोरवयातलं काहीतरी ठरवलं होतं. त्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं. पुढचं सांगायला त्यांना आणखी दोन वर्षं लागली.

ते सांगितलं किल्ल्यात. मुलांना रेखाटनाला घेऊन मी खर्ड्याच्या किल्ल्यात जायचे, सर मदतीला यायचे. मुलं बुरुजावर पांगली होती. सर तटाच्या सावलीत बसले होते आणि एकदम म्हणाले, "बाई, वडिलांची ऐपत एकालाच नगरला कॉलेजात पाठवायची होती. मार्क दोघांनाही होते. ते म्हणाले, मी कुणाला नाही म्हणू? तुम्हीच दोघं ठरवून या. आम्ही चर्चच्या मागच्या कडुलिंबाखाली गेलो. हक्क त्याचा होता, थोरला तो. तो खाली बघून काहीतरी बोलणार होता. त्याच्या आधी मी म्हणालो, मी जातो."

"मग?"

"मग तो म्हणाला, जा की. पुढच्या आठवड्यात तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून निघून गेला. आईच्या मातीच्या वेळी मी त्याला म्हणालो, तू आम्हाला सोडून लांब गेलास. तो म्हणाला, मी कुठं गेलो? गेलास तू."

मी म्हटलं, "सर, सोळा वर्षांचे होता तुम्ही."

"त्याला काय बोलायचं होतं ते मला अजून माहीत नाही," ते म्हणाले. "कदाचित तोही म्हणाला असता, शांतवन, तू जा. मी त्याला म्हणूच दिलं नाही."

तेव्हा मला त्या लग्नाचा हट्ट समजला. एकदा हा माणूस थोरल्याच्या पुढे गेला होता. पुन्हा जाणार नव्हता.

सर निवृत्त झाले, मीही पुढे शेवगावला बदलून गेले. ते दोन खोल्यांतच राहिले. माझा तक्ता त्यांनी हेडमास्तरांची परवानगी घेऊन घरी नेला होता. दर नाताळला त्यांचा फोन यायचा, चार वाक्यांचा. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मात्र फोन एप्रिलमध्ये आला. "बाई, समाधानला कुणीतरी माझा नंबर दिला. उद्या तो माल घेऊन सोलापूरकडे चाललाय. चार वाजता चौकात गाडी थांबवतो म्हणाला. तुम्ही याल का?"

मी म्हटलं, "सर, दोघा भावांत माझं काय काम?"

मग ते म्हणाले, "मला तो ओळखता नाही आला तर? तुम्ही तक्त्यात त्याचा चेहरा काढलाय."

मी गेले. उन्हाचा नुसता जाळ होता. सर चौकातल्या हॉटेलच्या बाकड्यावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते आणि पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. चारनंतर थोड्या वेळाने एक भला मोठा कंटेनर कडेला लागला. त्यातून एक म्हातारा पाय जपत उतरला. पुढचे दात गेलेले, पाठीला बाक, खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा पार काळा पडलेला. सरांच्या शेजारी उभा केला तर दहा-बारा वर्षांनी मोठा वाटावा. पण नाक तेच होतं, भुवयांची ठेवण तीच. "तेच आहेत," मी हळूच म्हटलं. सर उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उन्हाची बेरीज धरायची राहिली, बाई."

दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. मिठी वगैरे काही नाही. समाधान म्हणाला, "वळखलं न्हाईस व्हय?"

"वळखलं की," सर म्हणाले. "बस." त्यांच्या तोंडून असं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"लई येळ न्हाई. गाडी हुबी हाय." समाधान बसला, आणि मला पाहून त्याने घाईने हात जोडले. "वळख करून दे की तुज्या मंडळींची."

"शाळंतल्या बाई हायेत त्या," सर म्हणाले. मी कानकोंडी होऊन चहा सांगायला उठले आणि तिथेच टपरीच्या फळीला टेकून उभी राहिले.

सरांनी पहिलं विचारलं ते घड्याळ. "तुजं घड्याळ कुठं हाय?"

"घड्याळ? ते व्हय. कवाच गेलं कुटं तरी. मोबाईल हाय की आता." त्याने खिशातून मोबाईल काढला आणि काचेवर बोट फिरवत सरांच्या पुढे धरला. "ही बग, ही थोरली. ही धाकटी. अन् ह्यो थोरलीचा. दोन वर्साचा हाय, आईकत न्हाई कुनाचं."

सर बराच वेळ फोटो बघत राहिले. "लगीन कवा केलंस?"

"आईला माती दिली, त्याच्या दुसऱ्या वर्सी. तिकडलीच हाय बायकू."

मी मनातल्या मनात वर्षं मोजली. नर्सबाईंचं स्थळ तेव्हा सरांना आलंही नव्हतं.

"कळवलं न्हाईस," सर म्हणाले.

"काय कळवायचं? तू मोटा मास्तर. म्हनलं तुजा संसार असंल, पोरं कालिजात गेली असतील. आमचं कोन इचारतं." तो हसला, मग थांबला. "घरात कोन कोन हाय?"

"कोन न्हाई."

"म्हंजी?"

"लगीन केलंच न्हाई मी."

"का रं?"

माझ्या जिभेवर आलं होतं. तुमच्यासाठी, असं मला ओरडून सांगायचं होतं. एका पोस्टकार्डाचं काम होतं, अहो, एका ओळीचं. मी एक पाऊल पुढेही टाकलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात मस्ती करणाऱ्या मुलाकडे बघायचे तसं, आणि मी जागच्या जागी थांबले. मग त्यांनी खाली मान घालून चहाचा कप थोडा बाजूला सरकवला. या वेळी त्यांना बोलायची घाई नव्हती.

"राहून गेलं," ते म्हणाले.

समाधान त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला काही समजलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्याने तो काळवंडलेला हात सरांच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. "मी त्या दिशी म्हननारच हुतो," तो म्हणाला. "लिंबाखाली. तू जा म्हनून. तूच आदी बोललास."

सरांचा चेहरा मला त्या क्षणी दिसला नाही, त्यांनी तो रस्त्याकडे वळवला होता. तसंच रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "किती वाजलं, दादा?"

समाधानने मोबाईल पाहिला. "चार चाळीस."

सरांनी मनगट पुढे घेतलं, नखाने चावी बाहेर ओढली आणि काटे फिरवायला लागले. जुनी चावी ताठ होती, दोनदा निसटली. समाधान म्हणाला, "दे हिकडं," पण सरांनी दिलं नाही. मोठा काटा आठावर आणून त्यांनी चावी आत दाबली आणि शर्टाच्या बाहीने काच पुसली.

पाचला कंटेनर निघाला. पोचलो की फोन करतो, म्हणाला. सर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गाडी भूमच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तरी ते तिथेच होते. राग कुणावर काढावा हे मला समजत नव्हतं. माझ्या एसटीला वेळ होता. पर्समध्ये मोबाईल होता, तरी मी जवळ जाऊन विचारलं, "किती वाजले, सर?"

त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि नीट निरखून पाहिलं.

"पाच वाजून दहा मिनिटं, बाई," ते म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.